तटावरची मोजदाद

मालवणसमोर कुरटे बेटावर उभ्या असलेल्या सिंधुदुर्गात दाणागोटा किती मावेल, हे केवळ बाहेरून तट मोजून कोणी सांगू लागला, तर आपण त्याला वेड्यात काढू. कोठाराची क्षमता लांबी, रुंदी आणि उंची या तिहींवरून ठरते, हा व्यवहाराचा नियम. निसर्गात मात्र एक कोठार असे आहे की, ज्याची मोजदाद तटावरूनच करावी लागते. ते कोठार म्हणजे कृष्णविवर.

वस्तूचे बाह्य रूप न पालटता तिच्या अंतरंगाची मांडणी किती प्रकारे होऊ शकते, याच्या मापाला शास्त्रज्ञ एन्ट्रॉपी म्हणतात. कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या घनफळाशी नव्हे, तर क्षितिजाच्या क्षेत्रफळाशी निगडित आहे, असे जेकब बेकनस्टाइन यांनी 1972 मध्ये सुचविले. स्टीफन हॉकिंग यांच्या 1974 मधील संशोधनातून प्रमाणही ठरले : निसर्गाच्या लघुतम एककांत मोजलेल्या क्षेत्रफळाचा एक चतुर्थांश. एखाद्या पृष्ठभागाआड याहून अधिक काही कोंबू पाहिले, तर तिथे कृष्णविवरच तयार होईल. म्हणून हे प्रमाण म्हणजे केवळ एक माप नव्हे, ती मर्यादा होय.

आपल्या परिचयाच्या तीन मितींखेरीज अवकाशाला आणखी मिती असतील, तर ही मर्यादा सैल पडेल काय? चोरकप्पा सापडला की कोठारात माल अधिक मावावा, असे कोणासही वाटेल. गणित तसे म्हणत नाही. वर्तुळासारखी गुंडाळलेली एक अतिरिक्त मिती घेतली, तर तिला व्यापून राहिलेल्या मोठ्या विवराचे क्षेत्रफळ त्या वर्तुळाच्या घेराइतक्या पटीने वाढते. परंतु त्या विस्तृत अवकाशातील गुरुत्वाचा स्थिरांकही तितक्याच पटीने मोठा असतो. भागाकारात घेर कटून जातो आणि एक चतुर्थांश जागेवरच राहतो. वर्तुळाहून लहान विवराचे क्षितिज मात्र त्याच वस्तुमानाला अधिक ऐसपैस होते व एन्ट्रॉपीही वाढते. तरी तिचा हिशेब क्षेत्रफळानेच चुकता होतो.

या मर्यादेच्या मुळाशी जाण्याच्या प्रयत्नात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. 1996 मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी तंतुसिद्धान्ताच्या आधारे पाच मितींतील एका विशिष्ट विवराच्या अंतर्गत मांडण्या मोजल्या आणि एक चतुर्थांश नेमका मिळाला. आंबोली घाटापलीकडच्या गडहिंग्लजचे अतीश दाभोलकर यांनी पुढे 2004 मध्ये, जुन्या समीकरणांनुसार ज्याच्या क्षितिजाचे क्षेत्रफळ शून्य भरते, अशा विवराचा विचार केला. समीकरणांत सूक्ष्म दुरुस्त्या धरताच येणारे उत्तर आणि मांडण्यांची मोजणी जुळली. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांची वाट वेगळी. त्यांना अतिरिक्त मिती लागत नाहीत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये क्षेत्रफळाचा नियम मिळविला. मात्र एक चतुर्थांश येण्यासाठी सिद्धान्तातील एक स्थिरांक बाहेरून ठरवावा लागतो. एका वाटेवर आकडा आपोआप येतो, पण तो विशिष्ट विवरांपुरता. दुसरीवर विवरे निसर्गाशी अधिक मिळतीजुळती, पण आकडा जुळवून घ्यावा लागतो.

मग निवाडा कोण करणार? अर्थातच आकाश. 14 जानेवारी 2025 रोजी टिपलेल्या गुरुत्वलहरींत दोन विवरांचे मीलन दिसले. मीलनापूर्वी दोहोंचे क्षेत्रफळ सुमारे 2,40,000 चौरस किलोमीटर होते, ते नंतर सुमारे 4,00,000 झाले. म्हणजे महाराष्ट्राहून लहान असलेले क्षेत्र महाराष्ट्राहून मोठे झाले. क्षेत्रफळ घटत नाही, या हॉकिंग यांच्या 1971 च्या प्रमेयाला बळकट आधार मिळाला. पण त्याने ‘एक चतुर्थांश’ सिद्ध झाला नाही, की अतिरिक्त मितीही. सूर्याएवढ्या विवराचे तापमान निरपेक्ष शून्याहून एका अंशाच्या कोट्यंशाइतकेही अधिक नसते. ते मोजण्याची आशा आज तरी नाही.

अशा अधांतरी ज्ञानाशी कसे वागावे, हे विजयदुर्गाच्या कथेवरून शिकता येईल. हेलियमचा शोध 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात याच किल्ल्यावरून लागला, असे आपण अभिमानाने सांगतो. वस्तुतः नॉर्मन लॉकियर यांनी सूर्यप्रकाशातील ती पिवळी रेषा त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून अभ्यासली. विजयदुर्गावर ते आले 1898 च्या ग्रहणासाठी. दरम्यान, 1895 मध्ये रॅमसे यांना तो वायू पृथ्वीवर सापडला. मधली 27 वर्षे हेलियम थोतांड नव्हते आणि सिद्ध सत्यही नव्हते. ते एक सबळ अनुमान होते.

कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीचा दर्जा आज नेमका हाच आहे. तिला बुद्धीचा खेळ म्हणून झिडकारणे जितके अडाणीपणाचे, तितकेच तिला मराठी प्रज्ञेचा विजय म्हणून आधीच मखरात बसविणे उतावळेपणाचे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथनजीकच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. अनुमानाला आकाशाची साक्ष मिळवून देण्याची ही आपल्या अंगणातली संधी आहे. दंतकथेच्या वार्षिक सोहळ्यापेक्षा त्या यंत्रावर काम करू शकतील अशी मुले कोकणातल्या शाळांतून तयार होणे, हे विजयदुर्गाचे अधिक उचित स्मारक ठरेल.