फियाट की अॅम्बेसेडर? जुन्या मोटारीचा शौक आणि कारागिरांचा हात

जुनी मोटार पाळणे हा आता फक्त संस्थानिकांचा शौक राहिलेला नाही. मोरिवलीचा छोटा कारखानदारही हौसेने एखादी फियाट दारात उभी करू शकतो. मात्र घेण्यापूर्वी माल पारखून घ्यावा, हा व्यापाराचा पहिला नियम.

दोन्ही गाड्या आपल्या वाटतात, पण दोन्हींचे मूळ परदेशी. इटलीची फियाट 1100 डिलाइट वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने 1964 पासून कुर्ल्यात बनवली. सत्तरच्या दशकात तिचेच नाव 'पद्मिनी' झाले. याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यातून पुढे प्यूजो 309 निघाली, हे आपल्या भागातील जुन्या कामगारांना आठवत असेल. अॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमधील उत्तरपारा येथे ती 2014 पर्यंत तयार होत होती.

कापडाच्या भाषेत सांगायचे तर पद्मिनी मलमल, अॅम्बेसेडर मांजरपाट. पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे, अंग आटोपशीर. मुंबईच्या गर्दीत ती सहज वळते, म्हणून टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली. 2003 मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून हटली. अॅम्बेसेडरचे जुने पेट्रोल इंजिन 1489 सीसीचे. मागे तिघे ऐसपैस बसतात, खड्ड्यांची तिला पर्वा नाही. पण पेट्रोल जास्त पिते. माझे मत विचाराल तर आपल्याकडे पद्मिनीच बरी. मेकॅनिकचा हात तिच्यावर बसलेला आहे आणि सुटे भाग शोधायला कुर्ला जवळ आहे.

खरी मेख कागदपत्रांत आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' नोंदणीसाठी गाडीच्या पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली हवीत आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये ठरले. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. भाड्याने चालवता येत नाही. म्हणजे लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देऊन पैसे वसूल करू, असा हिशेब कोणी मांडत असेल तर तो चुकला. नव्वदच्या दशकातली पद्मिनी तर अजून 'व्हिंटेज' नाहीच. तिला नेहमीचे फिटनेस आणि नूतनीकरण लागते. अॅम्बेसेडर घेताना इंजिन क्रमांक आरसी पुस्तकाशी ताडून पाहा. पेट्रोल काढून डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत.

आता कारागीर बांधवांविषयी. या गाडीचा पत्रा हातोडीने ठोकून सरळ करणारा, छताचे कापड ताणून बसवणारा, सीटला रेक्झिन शिवणारा हा सारा हुनर आपल्या गल्ल्यांत आहे. शौकीन गिऱ्हाईक घासाघीस कमी करतो, पण शिलाईची ओळ मूळ जागीच मागतो. त्यासाठी जुने कव्हर फाडून फेकू नका. टाके उसवा, प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करा आणि त्याचाच फर्मा कापून दुकानात टांगून ठेवा. पुढच्या फियाटला तोच कामी येईल.