प्रातोच्या पेढीवर एक दिवस

फ्लॉरेन्सला जाणारा प्रवासी चित्रे, पुतळे आणि घुमट पाहून परततो. तेथून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर असलेल्या प्रातो या गावी फारसे कोणी उतरत नाही. इचलकरंजीच्या एका कापड-व्यापारी दांपत्याने मात्र सहलीतील मोकळा दिवस याच गावासाठी राखून ठेवला होता. प्रातो हेही मागांचे गाव. लोकरीचे कापड विणण्याची तेथील परंपरा मध्ययुगापासूनची, तर लोकरीच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकापासूनचा. चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलेल्या गृहस्थांना त्याचे कुतूहल वाटणे स्वाभाविकच होते.

घरून निघण्यापूर्वी एका गोष्टीचा निर्णय झाला होता. पेढी बंद झाली होती आणि जागा दिवाळीपर्यंत रिकामी करून द्यावयाची होती. माळ्यावर आजोबांच्या काळापासूनच्या रोजकीर्दी आणि खतावण्या लाल कापडांत बांधलेल्या होत्या. मुलगा बंगळुरूला नोकरीत स्थिरावलेला. आवराआवरीसाठी तो सुटी घेऊन आला होता. “आम्ही येण्यापूर्वी रद्दीवाल्याला बोलावून घे,” असे वडिलांनीच त्याला सांगितले होते.

सप्टेंबरची ती सकाळ प्रसन्न होती. सोबत खाकरे, चटणी आणि फळे होती. प्रातोची बदामाची बिस्किटे प्रसिद्ध आहेत. पण त्यांत अंडे असते हे ठाऊक असल्याने दुकानाच्या काचेतूनच त्यांचे दर्शन घेऊन दोघे पुढे गेले. तेथील पावात मीठ नसते, त्यामुळे घरची चटणी उपयोगी पडली. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा किल्ला बाहेरूनच पाहिला. मुख्य चर्चच्या कोपऱ्यावर, भिंतीबाहेर काढलेला दोनातेल्लो आणि मिकेलोत्सो यांचा गोल संगमरवरी सज्जा पाहून दोघे नगरसभेच्या चौकात आले आणि तेथील पुतळ्यासमोर थबकले.

युरोपातील चौकांत बहुधा राजे आणि सेनापती उभे असतात. येथे लांब अंगरख्यातला एक व्यापारी उभा होता आणि त्याच्या हातात तलवारीऐवजी हुंड्यांची चळत होती. “अहो, हा तर आपल्यातला!” पत्नी म्हणाली.

हा व्यापारी म्हणजे फ्रांचेस्को दातिनी. १३४८ च्या महामारीत त्याचे आईवडील गेले. पंधराच्या सुमारास तो दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों येथे गेला. पोप त्या काळी तेथे राहत असल्याने गाव पैशाने गजबजलेले होते. चिलखते आणि शस्त्रे यांच्या व्यापारात त्याने भांडवल उभे केले, पुढे कापड, मीठ, मसाले आणि लोकर यांचा व्यापार वाढविला. १३८३ मध्ये तो प्रातोला परतला. त्यानंतर पिसा, जिनोआ, फ्लॉरेन्स, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि माजोर्का येथे त्याच्या भागीदारीच्या पेढ्या निघाल्या.

चौकापासून काही पावलांवरच त्याचे घर आहे. बाहेरच्या भिंतीवर त्याच्या आयुष्यातील प्रसंग चितारलेले होते. आता त्यांचे पुसट अवशेषच उरले आहेत. याच वास्तूत प्रातोचे सरकारी दफ्तरखाना आहे आणि त्याचा मानबिंदू म्हणजे दातिनीची कागदपत्रे: सुमारे १,५०,००० पत्रे, ५०० हून अधिक हिशेबाच्या वह्या, भागीदारीचे करार, सागरी विम्याचे कागद, हजारो हुंड्या. आपली कागदपत्रे घरातच जपून ठेवावीत, असे त्याने मृत्युपत्रात सांगून ठेवले होते. पुढे ती विस्मृतीत गेली आणि १८७० मध्ये याच घरातील जिन्याखालच्या जागेत पोत्यांत भरलेली सापडली. चारशेहून अधिक वर्षे त्यांना कोणी रद्दीत घातले नाही, एवढ्याच बळावर आज मध्ययुगीन व्यापाराचा इतिहास लिहिला जातो.

गृहस्थ वहीच्या एका पानासमोर बराच वेळ उभे राहिले. लिपी परकी होती, पण मांडणी ओळखीची वाटली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी, एकदा नावे आणि एकदा जमा. द्विनोंदी पद्धतीचे विवेचन करणारा लुका पाचोली यांचा ग्रंथ व्हेनिसला १४९४ मध्ये छापला गेला. दातिनीच्या पेढ्यांत ही पद्धत त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे रुळली होती. हुंडीचा व्यवहारही तसाच परिचित. फ्लॉरेन्समध्ये एकाने पैसे द्यावयाचे, घेणाऱ्याने बार्सिलोनातील आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहावयाची आणि तेथे देणाऱ्याच्या माणसाने ते तिकडच्या नाण्यांत वसूल करावयाचे. सोने वाटेत चोरीला जाण्याची भीती नाही. वहीच्या आरंभी देवाचे आणि लाभाचे नाव एकाच ओळीत लिहिण्याचा दातिनीचा प्रघात होता. चोपडीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहिणाऱ्या हाताला यापेक्षा अधिक काय सांगावयास हवे?

त्याच वह्यांत शस्त्रांचे व्यवहार आहेत आणि विकत घेतलेल्या गुलामांचेही आहेत. वहीने मालकाचे पुण्य लिहिले तसे पापही लिहून ठेवले. “आपण असला धंदा केला नसता,” गृहस्थ म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनीच पुस्ती जोडली, “पण यानं नोंद लपवली नाही, हेही खरं.”

पत्नीचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले होते. मार्गेरिता ही दातिनीची पत्नी, वयाने त्याच्याहून सुमारे पंचवीस वर्षांनी लहान. व्यापारामुळे दोघे कित्येकदा वेगळ्या गावी राहत, एक फ्लॉरेन्सला तर दुसरे प्रातोला. धान्य, पीठ, सरपण, खेचर यांविषयी त्याच्या सूचना येत आणि तिची उत्तरे जात. आरंभी ती दुसऱ्याकडून लिहवून घेई; तिशी उलटल्यावर ती स्वतः लिहावयास शिकली. तिची सुमारे अडीचशे पत्रे उपलब्ध आहेत. नवऱ्याच्या चिंतातुर, रागीट स्वभावाबद्दल ती त्यांत स्पष्ट बोलते. तिला मूल झाले नाही. नवऱ्याला एका दासीपासून झालेली मुलगी तिने घरात वाढविली.

बाहेर अंगणात बसल्यावर पत्नी हळूच म्हणाली, “तुम्ही मालाच्या खरेदीला मुंबईला जायचात ना, तेव्हा रोजकीर्द मी लिहीत होते. सासूबाई गेल्या त्या वर्षी तर सहा महिने सगळी मीच लिहिली. त्या वह्यांत माझंही अक्षर आहे.”

गृहस्थांना हे आठवत नव्हते असे नाही; वह्या रद्दीत द्यावयाचे ठरविताना ते मनात आले नव्हते, एवढेच.

दातिनीला औरस वारस नव्हता. १४१० मध्ये तो निवर्तला तेव्हा त्याने आपली बहुतेक संपत्ती प्रातोच्या गरिबांसाठीच्या न्यासाला दिली आणि तिचा कारभार धर्मपीठाकडे न जाता नगराच्या नियुक्त माणसांकडे राहील, अशी व्यवस्था केली. फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या अर्भकांच्या आश्रमासाठी त्याने १,००० फ्लोरिन ठेवले. त्या निमित्ताने पुढे ब्रुनेलेस्कीने १४१९ मध्ये ज्याची उभारणी सुरू केली, तो ‘इनोचेंती’ आश्रम आजही उभा आहे.

संध्याकाळी दोघे त्या आश्रमाच्या कमानींखाली आले. सूर्यास्तापूर्वी डबा उघडला आणि जेवण होताच गृहस्थांनी मुलाला फोन लावला. रद्दीवाला आदल्याच दिवशी येऊन गेला होता. आजोबांच्या काळातील सर्वांत जुने गठ्ठे वजन करून गेले होते. उरलेल्यांसाठी तो रविवारी येणार होता. काही क्षण कोणी बोलले नाही.

“राहिलेले देऊ नकोस,” वडील म्हणाले. “आणि त्याच्याकडे जाऊन ये. काही परत मिळाले तर पाहा. जे मागेल ते दे.”

“ठेवायचे कुठे, बाबा?”

फोन पत्नीने घेतला. “दिवाणखान्यातलं कपाट मी रिकामं करते,” ती म्हणाली. “तू फक्त ते गठ्ठे कोरड्या जागी ठेव.”

ज्यांच्या माळ्यावर अशी लाल गाठोडी असतील, त्यांनी या दिवाळीला चोपडीपूजनापूर्वी एकदा ती सोडून पाहावीत. कोणाकोणाचे अक्षर त्यांत आहे, ते तरी कळेल.