म्हैसूरच्या महाराजांनी राखलेला सूर

गायिका नॉर्वेची, वाद्यवृंद लंडनचा, रचना जर्मन संगीतकाराची आणि खर्चाची हमी मात्र म्हैसूरच्या राजवाड्याची! १९५० साली झालेल्या एका मैफलीचा झिजून गेलेला आवाज अर्धशतकानंतर पुन्हा नीट ऐकू येऊ लागला, त्याची ही हकिकत.

म्हैसूर म्हटले की आपल्याला दसऱ्याची अंबारी आठवते. चंदनी साबण, रेशमी साड्या आणि तोंडात विरघळणारा म्हैसूरपाक आठवतो. संगीताच्या जाणकारांना आणखी काही आठवेल. भास्करबुवा बखल्यांचे गुरू नत्थन खाँ या दरबारात होते. मिरजेचे अब्दुल करीम खाँ इथे गाऊन गेले. फैयाज खाँना 'आफताब-ए-मौसिकी' हा किताब मिळाला तो याच दरबारातून. १९०२ साली भारतात पहिल्यांदा ध्वनिमुद्रण झाले तेव्हा जिचा आवाज तबकडीवर उतरला, त्या गौहर जानने आपले अखेरचे दिवस काढले तेही म्हैसुरातच. १७ जानेवारी १९३० रोजी तिचे इथेच निधन झाले.

पण युरोपातले संगीतरसिक म्हैसूरचे नाव घेतात ते एका वेगळ्याच कारणाने. २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एक मैफल झाली. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे. तिची हमी ज्यांनी घेतली होती, ते म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार त्या वेळी सभागृहात नव्हते. त्यांना ती मैफल ऐकायची होती घरी, आपल्या ग्रामोफोनवर!

न ऐकलेली शेवटची गाणी

रिचर्ड स्ट्राउस हा जर्मनीचा थोर संगीतकार. जन्म १८६४ चा. दोन महायुद्धे त्याने पाहिली. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या जन्मगावचे, म्युनिकचे, ऑपेरागृह बॉम्बवर्षावात बेचिराख झाले. सारे संपले असे वाटण्याच्या त्या काळात, १९४८ साली, चौऱ्याऐंशीच्या घरात असलेल्या या म्हाताऱ्याने पुन्हा लेखणी उचलली आणि सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीतला स्त्रीचा आवाज, आणि मोठा वाद्यवृंद यांच्यासाठी चार गाणी रचली. तीन कविता हेर्मान हेसेच्या, एक आयशेनडॉर्फची. वसंत, सप्टेंबर, झोपी जाताना आणि सांजवेळ हे त्यांचे विषय. मरण जवळ आले आहे, पण त्याची भीती नाही, असा या गाण्यांचा भाव आहे.

ही गाणी किर्स्टन फ्लागस्टाड हिने प्रथम गावीत अशी स्ट्राउसची इच्छा होती. नॉर्वेची ही गायिका त्या काळात तिच्या भरदार, पल्लेदार आवाजासाठी गाजत होती. स्ट्राउसने तिला तसे पत्रही लिहिले. सोबत उत्तम वाद्यवृंद आणि उत्तम संचालक असावा, एवढीच त्याची अट होती. पण गाणी ऐकण्याचे त्याच्या नशिबी नव्हते. ८ सप्टेंबर १९४९ रोजी तो वारला. 'चार अखेरची गाणी' हे नावही त्याने दिलेले नाही. ते नंतर प्रकाशकाने दिले.

फ्लागस्टाड तयार होती. संचालनाला विल्हेल्म फुर्टवँगलर यांच्यासारखा दिग्गज होता. फिलहार्मोनिया हा लंडनचा नवा, पण तोलामोलाचा वाद्यवृंद होता. प्रश्न होता पैशाचा. तो सुटला म्हैसूरच्या महाराजांनी ४,८०० डॉलरची हमी घेतली म्हणून. त्या बदल्यात त्यांना हवे होते त्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण.

राज्य सांभाळणारा पियानोवादक

जयचामराज वाडियार त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते. जन्म १८ जुलै १९१९. लहानपणापासून ते पियानो शिकले. लंडनच्या संगीतसंस्थांच्या पदव्याही त्यांना मिळाल्या. पण १९४० साली आधी वडील आणि पाठोपाठ काका, महाराज चौथे कृष्णराज वाडियार, निवर्तले आणि ऐन एकविसाव्या वर्षी गादीची जबाबदारी अंगावर आली. पियानो हाच आयुष्याचा ध्यास करणे आता शक्य नव्हते. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. स्वतः मंचावर बसता येत नाही, तर जे बसतात त्यांचे संगीत जगापुढे यावे म्हणून सढळ हाताने खर्च करायचा!

त्यांच्या राजवाड्यातला तबकड्यांचा संग्रह सुमारे वीस हजारांचा होता असे सांगतात. फिलहार्मोनियाचे संस्थापक आणि एचएमव्हीचे निर्माते वॉल्टर लेग म्हैसूरला येऊन राहिले, तेव्हा हा संग्रह, मोठमोठे ध्वनिक्षेपक आणि एकाहून अधिक मैफिली पियानो पाहून ते थक्क झाले. लेग परतले ते वाद्यवृंदासाठी तीन वर्षांच्या मदतीचे आश्वासन घेऊन. १९४५ साली स्थापन झालेला हा वाद्यवृंद पुढे जगातल्या नामवंत वाद्यवृंदांत गणला गेला. त्याच्या पायाभरणीत म्हैसूरचा पैसा आहे, हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असेल.

महाराजांची आवडही चाकोरीबाहेरची. सर्वांना ठाऊक असलेल्या रचना नव्हे, तर बालाकिरेव्ह, रूसेल अशा मागे पडलेल्या संगीतकारांच्या रचना ध्वनिमुद्रित व्हाव्यात असा त्यांचा आग्रह असे. हर्बर्ट फॉन कारायानसारख्या संचालकाने १९४९ साली या रचना फिलहार्मोनियाकडून वाजवून घेतल्या.

सर्वांत हृद्य कथा आहे ती निकोलाय मेट्नरची. मॉस्कोत १८८० साली जन्मलेला हा रशियन संगीतकार मायदेश सोडून अखेर इंग्लंडमध्ये स्थायिक झाला होता. महायुद्धामुळे जर्मन प्रकाशकाकडून येणारे पैसे थांबले. प्रकृती ढासळली, हृदयविकार जडला. अशा वेळी म्हैसूरच्या मदतीने 'मेट्नर सोसायटी' उभी राहिली आणि या आजारी कलावंताने १९४७ साली आपले तिन्ही पियानो कन्चेर्तो फिलहार्मोनियाच्या साथीने स्वतः वाजवले. तिसरा कन्चेर्तो त्याने महाराजांनाच अर्पण केला आहे. १९५१ साली मेट्नर गेला. पण त्याची बोटे पियानोवर कशी फिरत होती, हे आजही ऐकता येते.

वाजली की झिजणारी तबकडी

मैफलीचे ध्वनिमुद्रण झाले, म्हैसूरला रवानाही झाले. मग ते हरवले कसे? याचे उत्तर तबकडीच्या घडणीत आहे.

बाजारात मिळणारी जुनी तबकडी लाखेची असे. मूळ मुद्रणावरून धातूचा साचा करायचा आणि त्यावरून हजारो प्रती काढायच्या, अशी ती पद्धत. एक प्रत फुटली तरी दुसरी कुणाच्या तरी घरी असतेच. स्ट्राउसची गाणी उतरवली गेली ती मात्र 'ॲसिटेट' तबकड्यांवर. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मऊ रोगणाचा पातळ थर आणि त्या थरात थेट कोरलेल्या ध्वनीच्या खाचा. एकाच प्रसंगासाठी, घाईने, थोड्या प्रती हव्या असतील तर ही सोय चांगली. पण थर इतका नाजूक की जड सुई फिरली की दर वेळी थोडा आवाज खरवडला जाणार. म्हणजे जितके प्रेमाने ऐकावे, तितके ते नाहीसे होणार! काळाबरोबर रोगण आटते, त्याला तडे जातात, ते निराळेच.

इथेही तेच घडले. पुढे या तबकड्यांवरून पहिली एलपी निघाली, तोवर त्या फार झिजल्या होत्या. खरखरीच्या पडद्याआडून फ्लागस्टाडचा आवाज कुठेतरी दुरून येई. जाणकार ऐकत आणि हळहळत. ही गाणी नंतर कितीतरी गायिकांनी गायली, उत्तम गायली. पण ज्या आवाजासाठी ती रचली गेली, तो त्या पहिल्या संध्याकाळी कसा लागला होता, हे सांगणारा पुरावा एवढाच होता.

अशी हळहळ आपल्यालाही परिचयाची आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' झळकला. भारताचा पहिला बोलपट! त्यात सात गाणी होती. आज चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही आणि त्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नव्हत्या. ज्या चित्रपटाने आपल्या पडद्याला कंठ दिला, त्याचाच आवाज कायमचा मिटला.

सूर परतला

स्ट्राउसच्या गाण्यांचे दैव थोडे बरे होते. २००७ साली रॉजर बेअर्ड्स्ली यांनी किर्स्टन फ्लागस्टाड सोसायटीसाठी या मुद्रणाचे पुनरुज्जीवन केले. २०१४ साली अँड्र्यू रोझ यांनी 'प्रिस्टीन ऑडिओ'साठी पुन्हा ते काम केले.

असे काम चालते तरी कसे? आधी तबकडी स्वच्छ करतात. मग वेगवेगळ्या आकाराच्या सुया लावून पाहतात, कारण खाचेचा एक भाग झिजला असला तरी दुसरा शाबूत असू शकतो. मिळालेला आवाज संगणकावर घेतला जातो. तिथे एकेक टकटक, एकेक ओरखडा वेगळा करून काढायचा. फिरण्याचा वेग चुकला असेल तर सूर मूळ पट्टीत आणायचा. कस लागतो तो पुढे. खरखर जास्त काढली तर तिच्याबरोबर गायिकेचा श्वास आणि व्हायोलिनची चमकही जाते. म्हणून चांगला कारागीर थोडी खरखर राहू देतो. जे तबकडीवर उरलेच नाही ते कोणतेही यंत्र आणून देऊ शकत नाही. मात्र जे धुळीखाली दबले आहे ते वर काढता येते.

हेच इथे झाले. खरखर आहे, उणिवा आहेत, पण चोपन्न वर्षांच्या त्या गायिकेचा आवाज आता पडद्याआडून पुढे आला आहे. मेट्नरची मुद्रणेही दीर्घकाळ विस्मरणात राहिली होती. तीही १९९० च्या दशकात सीडीवर आली.

महाराज मात्र हे ऐकायला नव्हते. संस्थाने गेली, ते आधी राजप्रमुख आणि नंतर म्हैसूर व मद्रास राज्यांचे राज्यपाल झाले. पुढे त्यांचा ओढा कर्नाटक संगीताकडे वळला आणि 'श्रीविद्या' या मुद्रेने त्यांनी ९४ कृती रचल्या. २३ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या त्या संध्याकाळी त्यांनी हमी घेताना मुद्रणाची अट घातली नसती, तर टाळ्या विरल्या तशी ती गाणीही विरून गेली असती.

आपल्या घरातले आवाज

राजवाडा नसला तरी प्रत्येक घरात एखादा आवाज जपलेला असतो. आजीच्या ओव्यांची कॅसेट, लग्नातल्या मंगलाष्टकांची टेप, आजोबांच्या नाट्यगीतांच्या तबकड्या. त्यांच्यासाठी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• तबकड्या एकावर एक रचू नका. उभ्या ठेवा, उन्हापासून दूर.

• ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

• या तबकड्यांची खाच रुंद असते. एलपीच्या बारीक सुईने त्या वाजवू नका.

• कॅसेट ओल, उष्णता आणि लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा.

• एकच प्रत असेल तर ती वारंवार वाजवू नका. आधी जाणकाराकडून तिची डिजिटल प्रत करून घ्या आणि ती दोन-तीन ठिकाणी ठेवा.

• प्रत झाली म्हणून मूळ वस्तू फेकून देऊ नका. २००७ साली झालेले काम २०१४ साली पुन्हा हाती घ्यावेसे वाटले. उद्याचे तंत्र त्यातून आणखी काही काढू शकेल.