बेताच्या पैशांत गेमिंग संगणक: भाग जुळवताना

गेमिंगसाठी सुटे भाग घेऊन जुळवलेल्या संगणकात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे मुख्य भाग असतात. ते निरनिराळ्या कंपन्यांचे असले तरी चालते, पण एकाची निवड झाली की दुसऱ्याचे पर्याय आपोआप कमी होतात. त्यामुळे आधी काय ठरवायचे याला फार महत्त्व आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा नेहरू प्लेसमधल्या दुकानात शिरणाऱ्याच्या तोंडी सहसा प्रोसेसरचे नाव असते. पैसे मोजके असतील तर विचार मॉनिटरपासून सुरू करावा.

१९२० × १०८० च्या मॉनिटरवर एका चित्रात सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. २५६० × १४४० ला ते ३६.९ लाख होतात आणि फोर-के मॉनिटरवर ८२.९ लाख. सेकंदाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा एवढे बिंदू रंगवायचे काम ग्राफिक्स कार्डाचे असते. म्हणजे मॉनिटर मोठ्या रिझोल्यूशनचा घेतला की कार्डही महाग घ्यावे लागते. बेताच्या खर्चात १०८० चा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर हीच योग्य निवड ठरते. कोणते खेळ खेळायचे हेही याच वेळी ठरलेले बरे. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ मध्ये प्रोसेसरचा वेग जास्त कामी येतो. ‘सायबरपंक २०७७’ सारखा खेळ जवळजवळ सगळा भार कार्डावर टाकतो. दुसऱ्या प्रकारचे खेळ खेळायचे असतील तर एकूण रकमेतला सर्वांत मोठा वाटा कार्डालाच द्यावा.

कार्ड निवडताना नाव आणि किंमत एवढेच पाहून भागत नाही. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे त्याचे बोलके उदाहरण आहे. या कार्डाचा जोड बाहेरून पूर्ण लांबीचा दिसतो, पण माहिती मात्र चारच मार्गिकांनी ये-जा करते. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर ते ठीक चालते. ३.० च्या जुन्या बोर्डावर तोच वेग निम्मा होतो आणि कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच असल्याने खेळ अडखळू लागतो. स्वस्त कार्ड आणि स्वस्त जुना बोर्ड या दोन्ही काटकसरी एकत्र आल्या की नुकसान होते ते असे.

मग येतो सॉकेट. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची गाठ येथेच पक्की होते, आणि चुकली तर पुढे काहीच करता येत नाही. एएमडीचे रायझन २०१७ मध्ये एएम४ सॉकेटवर आले. त्यावर डीडीआर४ रॅम लागते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलचे बाराव्या ते चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० या सॉकेटचे. त्यातले काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत तर काही डीडीआर५ चे, म्हणून बोर्डाचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय रॅम घेऊ नये. २०२४ मध्ये इंटेलनेही सॉकेट बदलला आणि एलजीए १८५१ आणला. आज कमीत कमी पैशांत काम भागवायचे असेल तर एएम४ वरचा रायझन ५ ५६०० किंवा एलजीए १७०० वरचा कोअर आय५-१२४००एफ अजूनही पुरेसा आहे. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल तर मात्र थोडे जास्त मोजून एएम५ घेणे शहाणपणाचे, कारण या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ असे एएमडीने जाहीर केले आहे.

सॉकेट जुळला तरी दोन खाचखळगे उरतात. बी४५० सारखा २०१८ चा बोर्ड रायझन ५००० मालिकेला ओळखतो, पण त्यातले बायोस नवे असेल तरच. नसेल तर संगणक सुरूच होत नाही. दुकानदाराकडून बायोस अद्ययावत करूनच बोर्ड घ्यावा, किंवा प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस भरता येईल असा बोर्ड निवडावा. दुसरा खळगा नावांचा. रायझन ५ ५५०० हा ५६०० चा थोडा स्वस्त भाऊ वाटतो, पण त्याची एल३ कॅशे १६ एमबी आहे, ५६०० ची ३२. शिवाय तो पीसीआय एक्सप्रेस ३.० वरच थांबतो. इंटेलच्या नावाअखेरचा ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. ‘कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ’ असा बेत असेल तर अशा प्रोसेसरवर मॉनिटर काळाच राहील. ५६०० चेही तसेच.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन्ही वाहिन्या वापरल्या जातात. एसएसडी घेताना बोर्डावरची एम.२ ची खाच एनव्हीएमईची आहे की साटाची, एवढे पाहावे.

खर्च छाटायची वेळ आली की सगळ्यांची नजर एसएमपीएसवर जाते, आणि नेमके तिथेच छाटू नये. ग्राफिक्स कार्डाला खाचेतून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडातून ७५ आणि आठ पिनांच्या जोडातून १५०. आरटीएक्स ४०६० ची गरज ११५ वॅट, ५६०० ची ६५ च्या आसपास. बाकीचे धरूनही चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसला हा भार जड नाही. पण कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेले असले तरी खरी ताकद १२ व्होल्टच्या रकान्यात दिसते. तिथे २० अँपिअर लिहिले असेल तर कार्ड आणि प्रोसेसर यांच्या वाट्याला १२ × २० म्हणजे २४० वॅटच येतात. ‘८० प्लस’ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. प्रोसेसरचा आठ पिनांचा जोड (४+४) आणि कार्डाचा (६+२) एकसारखे दिसले तरी त्यांची वायरिंग वेगळी असते. एका कंपनीच्या सुट्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. त्यात एसएसडी आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात. घरच्या प्लगला अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्यावे.

कॅबिनेटचे गणित मिलिमीटरचे आहे. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पुढून काच असलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे कॅबिनेट कितीतरी उपयोगी पडते, आणि जाळीमागची धूळगाळणी काढून धुता येते. डब्याविना मिळणाऱ्या ‘ट्रे’ प्रोसेसरसोबत कूलर येत नाही. त्याचा खर्च वेगळा धरावा.

जुळणी झाल्यावर तीन गोष्टी पाहायच्या राहतात. रॅम तिच्या छापील वेगाने चालावी म्हणून बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करावे लागते. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाच्या जोडालाच लावायची असते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडावे लागतात, नाहीतर मॉनिटर ६० वरच चालत राहू शकतो.