शेड बांधण्याआधी कचऱ्याची जागा ठरवा

यंत्रमागाची नवी शेड बांधताना माग किती बसतील, बीम कोठून आत येईल, याचा आपण इंचाइंचाने हिशेब करतो. कचऱ्याला मात्र नकाशात जागाच नसते. मग तो जिन्याखाली जातो. तुटलेले सूत, चिंध्या, पुठ्ठ्याचे कोन, तेलाने माखलेली फडकी, सारे एकाच ढिगात!

यात नुकसान दुहेरी आहे. स्वच्छ सुती वेस्ट पुन्हा पिंजून त्याचे जाडेभरडे सूत काढता येते, म्हणून त्याला गिऱ्हाईक असते. तेच तेलात भिजले की भाव पडतो. शिवाय अशा ढिगाला एक ठिणगी पुरते.

आमचे सांगणे असे, की जोते भरण्यापूर्वीच रस्त्याच्या बाजूला एक खोली नकाशावर धरावी. एका मागाची जागा जाईल, हे खरे. तिला बाहेरून दार ठेवावे, म्हणजे भंगारवाल्याला मागांमधून वाट काढावी लागणार नाही. भिंती विटांच्या, आत सूत, चिंध्या व पुठ्ठा यांचे वेगळे कप्पे, विजेचा बोर्ड बाहेर.

वापरलेल्या तेलाचे पिंप या खोलीत नको. ते छपराखाली पक्क्या फरशीवर ठेवावे आणि भोवती पिंपभर तेल मावेल एवढा बांध घालावा. गळती गटारात जाता कामा नये. २०१६ च्या नियमांनुसार हे तेल घातक कचऱ्यात मोडते. साधारणपणे ते ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही आणि परवानाधारकालाच द्यावे लागते. दिल्याची पावती फाइलला लावून ठेवावी.