पत्र्यावरचे दगड, माळवदावरची माती

21 मार्च 2024. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात आखाडा बाळापूरच्या आसपास जमीन हलली. तीव्रता 4.5. लोक अंगणात येऊन उभे राहतात न राहतात तोच दहा-अकरा मिनिटांनी दुसरा धक्का, 3.6 चा. नांदेड, परभणीतही मांडणीवरची भांडी वाजली. त्याच दिवशी नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने नागरिकांना एक आवाहन केले: ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत.

भूकंपाबद्दलचा सरकारी सल्ला म्हणजे काय, तो कसा असावा, याचा विचार करताना हे एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यात एकही तांत्रिक शब्द नाही. शिडी लावून पाच मिनिटांत ते अमलात आणता येते. त्यामागचे कारण म्हातारीलाही कळते आणि शाळकरी पोरालाही: रात्री घर हलले तर तो दगड झोपलेल्याच्या डोक्यात पडेल. पत्र्याचे छत हलके असते, भूकंपात ते एरवी सुरक्षितच. पण त्यावर आपणच दहा-दहा किलोचे दगड नेऊन ठेवतो.

ठेवतो, कारण वारा. चैत्र-वैशाखात वळीव येतो तो आधी वावटळ घेऊन. मराठवाड्यात ज्याने उडालेला पत्रा शेजारच्या शेतात जाऊन आणला आहे, त्याला दगडाचे महत्त्व कुणी शिकवायला नको. भूकंप आयुष्यात एकदा येईल न येईल; वारा दर वर्षी येतो. मार्चमध्ये उतरवलेला दगड मे महिन्यात पुन्हा वर जाण्याचे कारण अडाणीपणा नाही, हिशोब आहे. भूकंपापासून लोकांना वाचवण्यासाठी सरकारने गेल्या नव्वद वर्षांत जे जे सांगितले, लिहिले, छापले, त्याची गाठ शेवटी याच हिशोबाशी पडते.

या सांगण्याची सुरुवात आपल्याकडे चांगली झाली होती. ऑगस्ट 1931 मध्ये बलुचिस्तानात माछ येथे भूकंप झाला. एस. एल. कुमार हे तेव्हा रेल्वेतले तरुण अभियंते होते. क्वेट्ट्यात रेल्वेच्या कर्मचाऱ्यांसाठी घरे बांधायची होती. त्यांनी जुन्या लोखंडी रुळांच्या चौकटी उभ्या करून त्यांत वीटकाम भरले. 1933 मध्ये त्यांनी या विषयावर निबंध लिहिला आणि त्यात हिंदुस्थानचा भूकंपधोक्याचा नकाशाही मांडला. दोनच वर्षांनी, 31 मे 1935 च्या पहाटे क्वेट्टा उद्ध्वस्त झाले. तीस हजारांच्या आसपास माणसे गेली. कुमारांची घरे मात्र उभी राहिली. त्यानंतर क्वेट्ट्याच्या पुनर्बांधणीसाठी जी बांधकाम संहिता झाली, ती या उपखंडातली पहिली. रेल्वे, लष्कर आणि नगरपालिका या तिघांनीही ती पाळली, कारण डोळ्यांसमोर पुरावा उभा होता.

महाराष्ट्राला असा पुरावा मिळायला उशीर लागला. दख्खनचे पठार म्हणजे कातळ, ते हलत नाही, अशी शास्त्रज्ञांचीही समजूत होती. भारतीय मानक संस्थेने 1962 मध्ये भूकंपरोधक बांधणीचे पहिले राष्ट्रीय मानक काढले, आयएस 1893. सोबत देशाचा नकाशा होता, शून्य ते सहा अशा सात विभागांचा, आणि द्वीपकल्पाचा मोठा भाग त्यात जवळजवळ निर्धोक होता. त्याच सुमारास कोयनेच्या शिवाजीसागरात पाणी अडवायला सुरुवात झाली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर कोसळले. दोनशेच्या जवळपास माणसे दगावली, बहुतेक घरे मोडली, 103 मीटर उंचीच्या धरणाच्या काँक्रीटला भेगा गेल्या.

धरणाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. भेगा भरल्या गेल्या, कमकुवत भागांना खालच्या बाजूने काँक्रीटचे धिरे देण्यात आले, उपकरणे बसली. आज त्या परिसराइतका बारकाईने तपासला जाणारा भूभाग देशात क्वचितच असेल. गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले, आणि कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. धरणाला मालक एकच होता, त्याच्याकडे अभियंते होते, पैसा होता, म्हणून मिळालेला सल्ला पूर्ण अमलात आला. पाटण खोऱ्यातल्या दगडमातीच्या घरांना मालक हजारो, आणि त्यांच्यातल्या कुणाच्याही दारी अभियंता येत नव्हता.

नकाशा मात्र बदलला. 1970 च्या आवृत्तीत शून्य विभाग काढून टाकला, विभाग पाच झाले आणि कोयना चौथ्यात गेली. लातूर पहिल्यातच राहिले.

नकाशाचा रंग हासुद्धा एक सल्लाच असतो, आणि कधी कधी तो सर्वांत जोरकस ठरतो. पहिला विभाग याचा अर्थ शास्त्रज्ञाच्या लेखी ‘धोका सर्वांत कमी’ असा होता. खाली उतरता उतरता, मंत्रालयातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, त्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा झाला. ऑगस्ट 1992 पासून किल्लारी परिसराला धक्के बसत होते. 18 ऑक्टोबर 1992 चा धक्का चांगला मोठा होता. लोक घाबरले, काही काळ घराबाहेर झोपले. मग धक्के कमी झाले आणि लोक आत गेले.

30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. गणपती नुकतेच पोचवून झाले होते. औसा तालुक्यातले किल्लारी, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर, तेरणेच्या काठची कितीतरी गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. तीव्रता 6.2. जगाच्या हिशोबात हा मध्यम भूकंप. तरीही सुमारे आठ हजार माणसे मेली, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्या घराच्या भिंतींखाली आणि छताखाली गुदमरून.

ती घरे कशी होती हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन-तीन फूट जाडीच्या, कुठे त्याहूनही जाड, दगडमातीच्या भिंती. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारे काही नाही. आत लाकडी खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर माळवदाची माती, फूटभर, दोन फूट. दर वर्षी मृगाच्या आधी माळवद गळू नये म्हणून त्यावर नवी माती टाकायची, चोपायची. जुनी काढायची पद्धत नव्हती. आजोबांनी टाकलेली, वडिलांनी टाकलेली, आपण टाकलेली, अशी पिढ्यांची माती डोक्यावर साठत गेली. जाड भिंत उन्हाळ्याला आणि चोराला अडवत होती, माती पावसाला. दोन्ही गोष्टी दर वर्षीच्या शत्रूसाठी अगदी योग्य होत्या. पत्र्यावरच्या दगडासारख्याच. गवंड्याने चूक केली असे मला म्हणवत नाही. त्याला जे प्रश्न दिले होते त्यांची उत्तरे त्याने बरोबर काढली होती. भूकंपाचा प्रश्न त्याच्यापर्यंत कुणी नेलाच नव्हता. कित्येक घरांत भिंती ढासळल्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा तेवढा उभा राहिला.

उत्तर लिहून ठेवलेले होते, ही खरी टोचणारी गोष्ट. रुरकीचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांनी उभे आयुष्य अशाच घरांना दिले, ज्यांच्यासाठी कधी अभियंता येत नाही अशा घरांना. त्यांचा मोठा वाटा असलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची आवृत्ती 1986 मध्ये निघाली होती. किल्लारीच्याच वर्षी, 1993 मध्ये, आयएस 13828 आले, खास कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी. त्यातल्या सूचना आजही कुठल्याही गवंड्याला तोंडी सांगता येतील. दगडी भिंत शक्यतो सव्वा फुटाची, दीड फुटापेक्षा जाड तर नकोच. उंचीला दर दोन फुटांवर आणि लांबीला दर चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड बसवा. तो मिळत नसेल तर लाकडाचा तुकडा किंवा टोके वाकवलेली सळई घाला. दारे-खिडक्यांच्या वर घराला चहूबाजूंनी एक अखंड पट्टा फिरवा. दार कोपऱ्याला खेटून काढू नका. बस्स. पण हे इंग्रजीत छापलेले होते, विकत घ्यावे लागत होते, आणि ज्या कार्यालयांत पोचत होते तिथे दगडमातीचे घर कुणी बांधत नव्हते.

भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला त्याची चर्चा बहुधा नव्या गावांपुरती होते: 52 गावे नव्या जागी वसली, रुंद रस्ते झाले, चौकोनी प्लॉट पडले, जुना शेजार तुटला. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच कार्यक्रमाचा कमी बोलला गेलेला भाग. तेरा जिल्ह्यांत पसरलेल्या, तडे गेलेल्या पण उभ्या असलेल्या सुमारे दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि बळकटी. सरकार पैसे आणि सल्ला देणार, काम घरमालकाने करून घ्यायचे. असे काम एवढ्या प्रमाणावर देशात आधी झाले नव्हते.

आणि सुरुवातीला ते अडले. दगडाची धास्तीच इतकी बसली होती की लोक म्हणत, आम्हाला ही भिंत नकोच, सिमेंटची खोली द्या. भिंतीला आरपार छिद्र पाडून सळई आणि काँक्रीट भरायचे, लोखंडी जाळीचा पट्टा मारायचा, माळवदाची माती उतरवायची. हे ऐकून एवढ्याने घर वाचेल यावर विश्वास बसेना. अनेकांनी त्या पैशांत एक नवी खोली बांधली आणि जुने घर होते तसे ठेवले. तिथे शासनाने एक वेगळी गोष्ट केली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचे सल्लागार म्हणून नेमले. गावोगाव ‘संवाद सहायक’ उभ्या राहिल्या, गावातल्याच बायका. तांत्रिक सूचना मराठीत, घरात बसून, चुलीपाशी सांगितल्या जाऊ लागल्या. महिला मंडळे बांधकामावर नजर ठेवू लागली: सिमेंटचे प्रमाण बरोबर आहे का, सळई टाकली का, पाणी किती दिवस मारले. घरात दिवसभर कोण असते, गवंड्याशी रोज कोण बोलते, सामान कोण मोजून घेते, याचे उत्तर इतके उघड असूनही एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला ते सापडायला वेळ लागला. मानकातले कलम भिंतीत उतरायचे असेल तर मधे एक माणूस लागतो, आणि त्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात धरावा लागतो. किल्लारीने शिकवलेल्या सर्व गोष्टींत मी ही पहिली मानतो.

दिल्लीतही हालचाल झाली. आर्य यांच्याच अध्यक्षतेखाली केंद्राने तज्ज्ञांचा गट नेमला आणि 1997 मध्ये देशाचा आपद्‌प्रवणता नकाशासंग्रह निघाला. घर कशाचे आहे आणि कुठे आहे, या दोन गोष्टी त्यात पहिल्यांदा जिल्हावार एकत्र आल्या. 2001 मध्ये भूजचा भूकंप झाला. 2002 च्या नकाशात पहिला विभाग कायमचा गेला आणि किल्लारी तिसऱ्यात आली. त्या नकाशात मुंबईही तिसऱ्यात होती, चिपळूण-पाटण चौथ्यात. 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, 2007 मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाची भूकंपविषयक मार्गदर्शक तत्त्वे आली. 2002 च्या नकाशानुसार देशाची 59 टक्के जमीन मध्यम ते तीव्र धक्क्याच्या टप्प्यात होती, हे मग प्रत्येक शासकीय पुस्तिकेच्या पहिल्या पानावर येऊ लागले.

पुस्तिकांच्या पुढल्या पानांवर मात्र माझे मन अडते. खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय धरून ठेवा. शाळेत, कार्यालयात, काँक्रीटच्या इमारतीत हा सल्ला उत्तम आहे आणि मुलांकडून तो घोटून घेतलाच पाहिजे. पण दगडमातीच्या दोन खणांच्या घरात टेबल नसते, आणि भिंत आत पडली तर टेबलही टिकत नाही. दाराजवळ असलात तर झटकन बाहेर मोकळ्यावर या, हे तिथे सांगावे लागते. उलट नोव्हेंबर 2018 पासून पालघरच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात महिनोन्‌महिने धक्के बसत होते, तिथे 1 फेब्रुवारी 2019 ला घाबरून बाहेर पळताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. एकच चित्र सगळीकडे लावून चालत नाही. तिथे तंबू वाटले गेले, शाळा उघड्यावर भरल्या, शास्त्रज्ञांनी उपकरणे आणली. हे सगळे योग्यच होते. पण आपले घर कोणत्या जातीचे आहे, कुडाचे, विटांचे की दगडमातीचे, आणि त्यात नेमके काय करायचे, हे घरागणिक सांगणारा माणूस पुन्हा लागतोच. संवाद सहायक कार्यक्रमापुरत्या होत्या. कार्यक्रम संपला.

हिंगोलीकडे परत येतो. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून येणारे आवाज लोक कित्येक वर्षे ऐकत आले आहेत. मार्च 2024 नंतर 10 जुलैला पुन्हा 4.5 चा धक्का बसला. मधे वळवाचे दोन महिने येऊन गेले होते, मृग लागून गेला होता. दगड खाली ठेवा म्हणताना पत्रा कशाने धरून ठेवायचा हेही त्याच दमात सांगायला हवे होते. त्याचे उत्तर तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात टांगलेले असते: जे-हूक, वायसर, नट. हूक खालच्या पाइपाला किंवा वाशाला अडकवायचा, पत्र्याच्या उंचवट्यावरच्या छिद्रातून वर काढायचा आणि पान्याने आवळायचा. एका घराला ते मूठ-दोन मूठ लागतील. ग्रामपंचायतीने गावाचे एकत्र मागवले, घरकुलाच्या कामावरचा एखादा गवंडी आठवडाभर मोकळा केला, तर वळवाच्या आधी एक वस्ती पुरी होते.