बसच्या तिकिटात मुंबईची वास्तुकला

शिक्षकबंधूंनो, पैसे नाहीत म्हणून मुंबईची सहल रद्द करू नका. रत्नागिरीहून कोकणकन्येने निघा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हाच पहिला धडा. १८८८ साली पुऱ्या झालेल्या या वास्तूच्या कोरीवकामात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, हे मुलांना जरूर सांगा. समोरची महापालिका १८९३ ची. वास्तुकार तेच, स्टीव्हन्स. मग बेस्टच्या बसने हुतात्मा चौक. तेथून ओव्हल मैदान पायीच गाठा. पूर्वेस १८७८ चा राजाबाई मनोरा, टोकदार कमानींचा, दगडी. पश्चिमेस १९३० नंतरची गोल कोपऱ्यांची, काँक्रीटची घरे. मध्ये उभे राहून विचारा, साठ वर्षांत काय बदलले? उत्तर मुलेच देतील. बघण्याला दाम नाही. मान तेवढी वर हवी!